मदत हवी आहे: हिवाळ्यात बर्फ कमी धरला की सरोवर उन्हाळ्यात जास्त का तापतं?

नमस्कार मंडळी,

एका मुद्द्यावर गाडी अडली आहे, जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या सुपीरियर सरोवराबद्दल वाचतोय. 1979 ते 2006 या काळात तिथल्या पृष्ठभागाचं उन्हाळी तापमान जवळपास 2.5 अंशांनी वाढलं, आसपासच्या हवेपेक्षाही वेगाने. हिवाळ्यात बर्फ कमी धरतो, हे त्याचं एक मोठं कारण सांगतात. बर्फ, त्यातही वर हिम साचलेला, ऊन परतवतो आणि उघडं पाणी ते शोषून घेतं. इथपर्यंत पटलं.

पण बर्फ पांघरुणाचंही काम करतो ना? तो नसेल तर जानेवारीचा वारा पाण्याची उष्णता थेट ओढून नेणार. शिवाय पाणी 4 अंशांना सर्वांत जड. त्यामुळे 2 अंशांचं पाणी वरून तापलं की जड होऊन खाली जातं, खालचं गार वर येतं. असं सगळा साठा 4 अंशांजवळ येईपर्यंत चालतं, तोवर वरचा थर फारसा तापतच नाही. सुपीरियरची सरासरी खोली 147 मीटर! म्हणजे बर्फ नसलेल्या वर्षी उन्हाळी तापणं उशिरा सुरू व्हायला हवं. घडतं उलटंच.

बर्फ वितळवण्याची उष्णता वाचते म्हणावं, तर तो आकडा तोकडा पडतो. अर्धा मीटर बर्फ वितळवणारी उष्णता 147 मीटर पाण्याला जेमतेम पाव अंश तापवते.

काय निसटतंय? मुलांना हे शिकवायचंय, अर्धवट सांगायचं नाही.

प्रतिसाद:

हिशेब बरोबर आहे. फक्त तुम्ही हिवाळा तोच ठेवून बर्फ तेवढा काढून टाकलात. ज्या वर्षी बर्फ धरत नाही, त्या वर्षीचा हिवाळा बहुधा मुळातच उबदार असतो. पाणी कमी गारठतं, 4 अंशांच्या जवळ राहतं. वर मार्च-एप्रिलचं ऊनही थेट पाण्यात शिरतं. त्यामुळे वर कोमट, खाली गार असे पाण्याचे थर लवकर तयार होतात. 1979 ते 2006 याच काळात थर पडण्याची तारीख साधारण दोन आठवडे अलीकडे सरकली. एकदा थर पडले की उष्णता वरच्या थोड्याशा पाण्यातच अडकते आणि पारा झपाट्याने चढतो.

2014 चं उलट उदाहरण जरूर दाखवा. त्या वर्षी सुपीरियर धरून तिथल्या पाचही महासरोवरांचा मिळून 92 टक्क्यांहून जास्त भाग गोठला होता. सुपीरियरवर जूनच्या सुरुवातीलाही बर्फाचे तुकडे तरंगत होते, आणि पाणी उन्हाळ्यातही गारच राहिलं.

उथळ तळ्यांना मात्र हे जसंच्या तसं लावू नका. तिथे बर्फ गेल्यावर थोड्याच दिवसांत थर पडतात, पुढचं त्या उन्हाळ्याच्या हवेवर ठरतं.

धागाकर्ता:

मनापासून आभार, उबदार हिवाळ्याचा मुद्दाच सुटला होता. आता एकच: बर्फाचा स्वतःचा वाटा किती आणि उबदार हवेचा किती, हे वेगळं काढायची काही पद्धत आहे का?