लिंक रॉड: कंपनीची की बाहेरची?

हिंगणारोड: एसयूव्हीच्या पुढच्या डाव्या चाकातून बारीक खड्ड्यांवर टक-टक आवाज येऊन राहिला. गॅरेजवाले स्टॅबिलायझरची (वळणावर गाडी कमी झुकावी म्हणून असलेला आडवा बार) लिंक रॉड, म्हणजे तो बार चाकाच्या सस्पेन्शनला जोडणारी छोटी दांडी, गेली म्हणतात. बाहेरची बरीच स्वस्त आहे. सस्पेन्शन मूळचंच. कोणती टाकावी?

धंतोली_वर्कशॉप: भाऊ, आधी खात्री करा. दोन्ही लिंक काढा, बार लटकू नये म्हणून बांधा आणि गल्लीत हळू चालवून पाहा. वळणावर गाडी जास्त झुकेल. आवाज गेला तर लिंक किंवा बारचे रबरी बुश. राहिला तर लोअर आर्मचा बॉल जॉइंट (चाकाकडचा गोल सांधा), स्ट्रट माउंट (शॉकअपची वरची रबरी बैठक) बघा. गाडीची उंची वाढवली नसेल तर बाहेरची ॲडजस्टेबल (लांबी बदलता येणारी) लिंक कशाला? मूळचीच घ्या, जोडीनं. स्वस्त लिंकचा रॉड सहसा मोडत नाही, टोकाच्या बॉलवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटतो. मे महिन्यात 45 अंशांत रबर कडक होतं, मग पावसाचा चिखल आत शिरतो, ग्रीस धुऊन जातं आणि बॉल ढिला पडतो.

काटोलनाका: ग्रीस निपलवाली (ग्रीस भरायचं तोंड असलेली), जाड लोखंडी लिंक मिळाली तर बाहेरचीही चालते. दर सर्व्हिसला ग्रीस मारा, बूट जरासा फुगला की थांबा. बसवताना लिंकचा स्टड (आटे असलेलं टोक) नटासोबत फिरतो, तो ॲलन कीनं (षटकोनी चावी) धरून ठेवा. इम्पॅक्ट गन (नट जोरात फिरवणारं मशीन) अजिबात नको. पुढची दोन्ही चाकं एकदम उचला, एकच उचललं तर बार पिळला जातो आणि स्टड भोकात बसत नाही. नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला) नवाच वापरा.

हिंगणारोड: डाव्या बूटाला चीर आहे, ग्रीस बाहेर आलंय. मूळची जोडी मागवली.