लाइव्ह फोन-इनमध्ये आवाज परत येतोय, उद्या सकाळी कार्यक्रम आहे, मदत हवी आहे

नवशिकी_पीसीआर (शुक्रवार, दुपार)
मंडळी, घाईत लिहितेय. पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओत दोन महिन्यांपासून अप्रेंटिस आहे. दर शनिवारी सकाळी १० वाजता शेतकऱ्यांसाठी लाइव्ह फोन-इन असतं. साउंडचे सर रजेवर आहेत, म्हणून मिक्सरवर मी. गेले दोन शनिवार आवाज परत येतोय. मागच्या वेळी इंदापूरचे एक काका डाळिंबावरच्या तेल्या रोगाबद्दल विचारत होते. दोन वाक्यांतच अडखळायला लागले आणि त्यांनी फोन ठेवून दिला. टॉकबॅकवर, म्हणजे टीमच्या आपसातल्या बोलण्याच्या लाइनवर, सगळ्यांदेखत बोलणी खाल्ली, ते ठीक आहे, पण काकांचा प्रश्न तसाच राहिला याचं जास्त वाईट वाटतंय. सगळ्या केबल बदलून झाल्या. काय करू?

मंडपवाला_साउंड
हा सरळ फीडबॅक आहे, स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. वीस वर्षं नाटकाला साउंड देतोय, रोजचं दुखणं आहे हे. फ्लोअरवरच्या, म्हणजे अँकर बसतो तिथल्या, स्पीकरचा आवाज कमी करा, माइकची दिशा बदला.

नवशिकी_पीसीआर
दादा, शिट्टी वाजत नाही. बोललेलं परत ऐकू येतं.

रात्रपाळी_एमसीआर
कोणाला ऐकू येतं? अँकरला, फोनवरच्या माणसाला, की घरी बघणाऱ्यांना? किती वेळानं? फोन मिक्सरमध्ये कसा घेता, हायब्रिड (फोनची लाइन मिक्सरला जोडणारं यंत्र) आहे का? एवढं सांगितल्याशिवाय कोणीही उत्तर दिलं तर तो अंदाजच.

फ्रेम_दर_फ्रेम
व्हिडिओच्या वाटेतलं प्रत्येक फ्रेम सिंक्रोनायझर (चित्रांची वेळ जुळवणारं यंत्र) साधारण एक फ्रेम उशीर करतं. आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. अशी तीन-चार यंत्रं ओळीनं आली की ओठ आणि आवाज वेगळे दिसतात. ऑडिओला तेवढाच डिले द्या.

रात्रपाळी_एमसीआर
माहिती बरोबर आहे, पण ओठांचा प्रश्न त्यांनी विचारलेलाच नाही. डिले दिला तर गोंधळ वाढेल.

लॉ_कॉलेज_रोड
ताई, कोणी न शिकवता मिक्सरवर बसवतात हीच मूळ चूक. फिल्म इन्स्टिट्यूट तुमच्याच शहरात आहे. तिचा टेलिव्हिजन विभाग १९७४ मध्ये दिल्लीहून इथे आला, टीव्हीचे एक वर्षाचे कोर्स आहेत, ध्वनीचाही आहे. प्रवेश परीक्षेची तयारी आजपासून करा.

नवशिकी_पीसीआर
कोर्सचं नंतर बघते, उद्याचे १० गाठायचे आहेत. हायब्रिड आहे. फोनवरच्यांना त्यांचाच आवाज ऐकू येतो, पाव-अर्ध्या सेकंदानं. आम्हाला पीसीआरमध्ये (कंट्रोल रूममध्ये) स्वच्छ, रेकॉर्डिंगही स्वच्छ. म्हणूनच कोणाचा विश्वास बसत नाही.

रात्रपाळी_एमसीआर
आता कळलं. उशीर पाच-सात सेकंदांचा असता तर त्यांच्या घरचा टीव्ही चालू आहे असं म्हटलं असतं. पाव-अर्धा सेकंद म्हणजे तुमच्याच मिक्सरमधून आवाज फिरून जातोय. फोनवरच्याला पाठवायच्या आवाजात सगळं असावं, फक्त तो स्वतः नसावा. आम्ही याला मिक्स-मायनस म्हणतो, काही जण क्लीन फीड. हायब्रिडला कुठला ऑक्स (मिक्सरमधून बाहेर जाणारी वेगळी लाइन) जातो? त्या ऑक्सवर फोनच्या चॅनलचा नॉब शून्यावर आहे का?

नवशिकी_पीसीआर
ऑक्स २ जातो. नॉब शून्यावर नाही, मीच वर केला. तज्ज्ञ सरांना फोनवरचा प्रश्न ऐकू येत नव्हता.

रात्रपाळी_एमसीआर
तज्ज्ञ स्टुडिओत नसतात?

नवशिकी_पीसीआर
आधी यायचे. दोन आठवड्यांपासून राहुरीहून व्हिडिओ कॉलवर असतात. लॅपटॉपलाही ऑक्स २ च जातो, स्प्लिटर लावलाय. त्यांची मात्र तक्रार नाही.

रात्रपाळी_एमसीआर
ही पहिल्या ओळीत सांगायची गोष्ट होती! कॉलच्या सॉफ्टवेअरमध्ये इको कॅन्सलेशन असतं, ते सरांचा परत येणारा आवाज गाळून टाकत असणार. फोनवाल्याला तो आधार नाही. बाहेरचे पाहुणे दोन, मग मिक्स-मायनसही दोन लागतात. हायब्रिडला अँकर आणि लॅपटॉप. लॅपटॉपला अँकर आणि फोन. एका ऑक्सवर हे कधीच जमणार नाही, स्प्लिटर काढा. दुसरा ऑक्स मोकळा आहे?

जुना_अँटेना
वाचताना सिंहगडाचा टॉवर आठवला. १९७३ मध्ये तो सुरू झाला तेव्हा सदाशिव पेठेत आमच्या वाड्याच्या कौलांवर काठी बांधून अँटेना लावला होता. एकानं वर फिरवायचा, एकानं खालून ओरडायचं. पुण्यात टीव्ही तेव्हापासूनचा.

लॉ_कॉलेज_रोड
काका, तो मुंबई दूरदर्शनचं प्रक्षेपण पुढे पाठवणारा टॉवर. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ चं. पुण्यातली निर्मिती म्हणायची तर विद्यापीठातल्या केंद्रानं यूजीसीच्या कार्यक्रमांसाठी केलेलं काम सांगा, ते १९८४ नंतरचं.

जुना_अँटेना
मी बघणाऱ्यांच्या बाजूनं सांगत होतो.

नवशिकी_पीसीआर
ऑक्स चारच आहेत. १ अँकरच्या कानात, २ हा असा, ३ फ्लोअरच्या स्पीकरला, ४ रेकॉर्डरला.

मंडपवाला_साउंड
मग माझं पहिलं उत्तर परत वाचा. तो स्पीकर कशाला हवा? स्पीकरमधून फोनचा आवाज आला, अँकरच्या माइकनं उचलला, की तुमच्या मिक्स-मायनसमधूनही तो परत फोनवर जाणार. अँकर बोलत नसताना त्याचा माइक क्षणभर बंद करून फोनवरच्याला विचारा. आवाज थांबला तर माइकमधून जातोय, नाही थांबला तर ऑक्समधून.

रात्रपाळी_एमसीआर
हे पटलं. स्पीकर काढा, ऑक्स ३ लॅपटॉपला द्या. अँकरला सगळं कानातल्या ऑक्स १ वर मिळतंच आहे. दोन्ही पोस्ट-फेडर ठेवा, म्हणजे चॅनलचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली केला की ऑक्सवरचाही आवाज बंद.

मंडपवाला_साउंड
प्री-फेडर ठेवा, म्हणजे फेडर खाली असला तरी ऑक्सवर आवाज जातो. ब्रेकमध्ये अँकरचा फेडर खाली असतो, तेव्हा फोनवरच्या माणसाशी बोलायचं कसं? पाच मिनिटं कानात काही आलं नाही तर गावाकडचा माणूस फोन कट करतो.

रात्रपाळी_एमसीआर
आणि ब्रेकमध्ये अँकर शेजारी काहीतरी खासगी बोलला, ते पाहुण्यानं ऐकलं तर? हे झालेलं मी पाहिलंय. त्या अँकरला फार महागात पडलं. पाहुण्याशी बोलायला टॉकबॅक वापरा.

मंडपवाला_साउंड
छोट्या स्टुडिओत हायब्रिडला टॉकबॅक जोडलेला असतो का?

हक्काचं_बोला
वेगळं विचारतो. तुमचा शिकाऊ करार सरकारी पोर्टलवर नोंदवलाय का? १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात विद्यावेतन आहे, आणि अप्रेंटिसशिप ॲडव्हायझरच्या मंजुरीशिवाय ओव्हरटाइम करून घेता येत नाही. साउंडच्या माणसाच्या रजेत त्याची जागा भरणं हे प्रशिक्षण नव्हे. लेखी विचारा.

नवशिकी_पीसीआर
करारावर सही केलीय, नोंदणीचं सोमवारी विचारते. आत्ता मिक्सरपाशी जाते.

नवशिकी_पीसीआर (शुक्रवार, रात्री)
बदल केले. आईला फोनवर घेतलं, मैत्रिणीला लॅपटॉपवर. आईला विचारलं, तुझा आवाज तुला येतोय का? म्हणाली, थोडासा, लांबून. मंडपवाला दादा, तुमच्या सांगण्याप्रमाणे अँकरचा माइक बंद केला आणि तो लांबचा आवाज गेला. स्पीकरची वायर काढली होती, पण टेबलाखाली एक छोटा मॉनिटर स्पीकर चालू होता, मला माहीतच नव्हतं. तो बंद केल्यावर आई म्हणाली, आता शेजारी बसून बोलल्यासारखं वाटतंय. दोघी एकमेकींशीही नीट बोलल्या. हायब्रिडला टॉकबॅक नाही, म्हणून ऑक्स २ प्री-फेडर ठेवलाय आणि अँकरला तसं सांगून ठेवलंय. लॅपटॉपचा पोस्ट-फेडर.

रात्रपाळी_एमसीआर
अँकरला सांगितलंत हे फार चांगलं केलं. नॉबवर पांढरी पट्टी चिकटवून लिहा, नाहीतर पुढच्या पाळीचा माणूस सवयीनं फिरवेल.

नवशिकी_पीसीआर (शनिवार, दुपार)
अकरा फोन घेतले. एकालाच आवाज परत आला, सहा-सात सेकंदांनी, त्यांच्या घरचा टीव्ही चालू होता. आता फोन जोडायच्या आधीच टीव्हीचा आवाज बंद करायला सांगतोय. इंदापूरच्या काकांचा नंबर नोंदवहीत होता, साडेनऊला मीच लावला आणि पहिला फोन त्यांचा घेतला. पट्ट्या चिकटवल्यात. ऑक्स ३ ची वायर का काढली ते साउंडच्या सरांसाठी लिहून मिक्सरखाली ठेवलंय. सोमवारी ते आले की पहिल्यांदा तेच दाखवणार आहे.