थंडी सरली हे घरात बसून कशावरून ओळखावे?

विचारणा : बोरीकाठ, अमळनेर

नमस्कार. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा चालू आहे आणि काल पूर्ण दिवस मी घरात एकटी होते. मंडळी लग्नासाठी चाळीसगावला गेली होती, वीजही सकाळीच गेली, त्यामुळे फार दिवसांनी घरात इतकी शांतता लाभली. सकाळी अंगणात सडा टाकताना बोटे गारठली होती आणि अकरा वाजता त्याच अंगणात अनवाणी उभे राहवत नव्हते. मात्र दुपारी माजघरात आडवी झाले तेव्हा पायांवर पातळ गोधडी घ्यावीच लागली. आमचे घर जुने, धाब्याचे आहे. झाडून घेतलेल्या अंगणात तासाभरात कडुनिंबाची पिवळी पाने पुन्हा पसरत होती आणि तिसऱ्या प्रहरी कुठूनतरी तांबट पक्ष्याचा एकसारखा ठोका ऐकू येत होता. दिवस कसा सरला ते कळले नाही.

आता प्रश्न. घरात अकरा गोधड्या आहेत. त्यांतील चार सासूबाईंनी जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या आहेत आणि त्यांचे दोरे आता इतके झिजले आहेत की वर्षातून एकापेक्षा अधिक वेळा धुणे त्यांना सोसणार नाही. मागच्या वर्षी मी घाई केली. धुवून, दोन दिवस कडक उन्हात वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून पेटीत ठेवल्या आणि चौथ्या दिवशी पहाटे असा गारठा पडला की सगळ्या पुन्हा बाहेर काढाव्या लागल्या. सासूबाई होळी पेटेपर्यंत पेटीला हात लावू देत नसत. आमच्या घरातील पुरुषमंडळी महाशिवरात्र झाली की थंडी गेली असे मानतात. आपण आपल्या घरी हे कशावरून ठरवता?

प्रतिसाद : केळीबाग, रावेर तालुका

ताई, आम्ही हे केळीच्या पोंग्यावरून, म्हणजे गुंडाळलेल्या नव्या पानावरून, ओळखतो. कडाक्याच्या थंडीत पोंगा उलगडायला पंधरा दिवसही लागतात, पानांचे देठ आखडून पाने एकमेकांजवळ दाटतात आणि त्याच वेळी निसवण आली तर घड बाहेर पडताना बुंध्याच्या तोंडाशी अडकतो. म्हणून डिसेंबर-जानेवारीत आम्ही रात्रीचे पाणी देतो, बांधावर धूर करतो आणि शेवरीचा आडोसा टिकवतो. रात्रीची थंडी खरोखर ओसरली की आठवड्या-दहा दिवसांत नवे पान मोकळे होते. असे लागोपाठ दुसरे पान उलगडले की आमच्या घरी गोधड्या धुवायला निघतात.

एक सावधगिरी मात्र सांगतो. या दिवसांत उत्तरेकडे पश्चिमी झंझावात आला की आपल्याकडेही कधी कधी आभाळ येते, रात्री उबदार होतात आणि थंडी गेली असे सगळ्यांना वाटते. आभाळ मोकळे झाल्यावर उत्तरेकडचे कोरडे वारे सुटतात आणि पहाटेचा गारठा परत येतो. मागच्या वर्षी आपली फसगत बहुधा अशीच झाली असावी. ढगाळ रात्रीवरून निर्णय घेऊ नये.

प्रतिसाद : उंबरठा, धुळे

ताई, मी निवृत्त भूगोल शिक्षक आहे आणि आपल्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे मला वाटते. धाब्याचे छत आणि मातीच्या जाड भिंती हळू तापतात व हळू निवतात. बाहेर ऊन भाजत असताना माजघर सकाळचा गारवा धरून असते, म्हणून दुपारी पायांवर गोधडी लागली यावरून थंडी अजून आहे असे ठरत नाही. तीन्हीसांजेला पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावून पाहा. ती कोमट लागू लागली की घराने ऋतू बदलला.

दुसरी गोष्ट सणांची. होळी फाल्गुन पौर्णिमेची, म्हणजे चंद्रावर चालणारी. २०२३ मध्ये ती ६ मार्चला होती आणि २०२४ मध्ये २४ मार्चला. थंडी सूर्यावर चालते, त्यामुळे सासूबाईंचा नियम उशिराच्या होळीला अगदी निर्धोक आणि लवकरच्या होळीला थोडा धाडसाचा ठरतो. महाशिवरात्र तर होळीच्या दोन आठवड्यांहून थोडी आधीच येते.

माझा स्वतःचा उपाय खडूचा आहे. आमचे पुढचे दार दक्षिणेकडे आहे व त्याची चौकट साडेसहा फूट उंच आहे. आपले अक्षांश सुमारे २१ असल्याने २१ डिसेंबरच्या सुमारास माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांच्या जरासा वर असतो आणि ऊन दारातून सहा फुटांहून थोडे आत येते. मार्चच्या आरंभी ते साडेतीन फुटांवर येते आणि २१ मार्चला जेमतेम अडीच फूट उरते. शहाबादी फरशीवर दर रविवारी मी एक रेघ ओढतो. पत्नी ती फरशी पुसताना रेघ सांभाळून पुसते, हे इथे कृतज्ञतेने नमूद करतो. ऊन साडेतीन फुटांपेक्षा कमी आत येऊ लागले की जाड गोधड्या उन्हात घालाव्यात आणि दोन पातळ गोधड्या होळीपर्यंत हाताशी ठेवाव्यात, असा आमचा परिपाठ आहे.

प्रतिसाद : सातपुड्याची लेक, शहादा

आमच्याकडे हे बिबड्यांवर, म्हणजे ज्वारीच्या पापडांवर, ठरते. आंबवलेल्या ज्वारीचा लसूण-तीळ घातलेला घाटा शिजवून सकाळी आठला कापडावर थापला आणि संध्याकाळी तो न चिकटता कापडावरून सुटला, तर गोधडीही दोन दिवसांत आतपर्यंत वाळते. कडेचा भाग सुटून मधला ओला राहिला तर मी थांबते. काकू, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या पिळू नका आणि दोरीवरही टाकू नका, पाण्याच्या वजनाने टाके तुटतात. बाजेवर आडव्या पसरा.

बोरीकाठ, अमळनेर

सर्वांची मनापासून आभारी आहे. बाजेची सूचना मला आधी मिळाली असती तर एका गोधडीचा कोपरा वाचला असता. आज संध्याकाळी पश्चिमेच्या भिंतीला हात लावून पाहिला. ती अजून गार आहे. आमच्या दक्षिणेच्या दारात दुपारी ऊन जिथे थांबले तिथे मी नातवाच्या पाटीवरच्या खडूने रेघ ओढली आहे. सात गोधड्या पुढच्या आठवड्यात काढीन. सासूबाईंच्या चार मात्र होळी पेटल्याशिवाय धुणार नाही.