बंद पडलेलं चर्च: एका कुटुंबाचं घर आणि गावाचं कलादालन, चालेल का?

नॉरफोकवासी

इंग्लंडच्या पूर्वेला नॉरफोक परगणा आहे. या एका परगण्यात मध्ययुगीन चर्चं साडेसहाशेच्या आसपास उभी आहेत. लोकरीच्या व्यापारातून पैसा आला तेव्हा गावोगावी बांधली गेली, व्हिक्टोरियाच्या काळात त्यांत आणखी भर पडली. आज दोन-तीनशे वस्तीच्या गावाला एवढ्या मोठ्या वास्तूचं छप्पर सांभाळायचं असतं आणि रविवारी आठ-दहा म्हातारी माणसं जमतात. छपरावरचे शिशाचे पत्रे चोर रातोरात काढून नेतात, की लागली गळती.

आमच्या गावचं चर्च व्हिक्टोरियन काळातलं आहे. ते रीतसर बंद झालं आणि आता एका जोडप्याने अर्ज करून विकत मागितलंय. ती कुंभारकाम करते, तो सुतार. वेदीकडच्या भागात आणि बाजूच्या वस्त्रखोलीत (धर्मगुरूंची कपडे बदलायची खोली) राहायचं, मधलं मोठं दालन गावाला खुलं ठेवायचं: मातीकामाचे वर्ग, गाण्याच्या तालमी, चित्रप्रदर्शनं. गावाच्या सभेत सरळ दोन तट पडले. मी 'द्यावं' म्हणणाऱ्यांतला आहे.

माझं कारण एकच. जुनी इमारत पडते ती बहुतेक वेळा पाण्याने, आणि पाणी वेळेवर दिसायला माणूस तिथे राहावा लागतो. पन्हळ तुंबून भिंतीवर ओघळ लागलाय हे ज्याला रात्री अंथरुणात ऐकू येतं तो सकाळी शिडी लावतो. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये दर पाच वर्षांनी वास्तुतज्ज्ञाकडून तपासणी करायचा नियम आहे, नियम चांगलाच आहे. पण पाच वर्षांत तुळईचं टोक कुजून भिंतीतून निसटू शकतं.

लंडनमधलं सेंट ल्यूक्स बघा. १७३३ सालचं. जमीन खचल्याने १९५९ मध्ये बंद केलं, मग छप्परच उतरवलं. चार दशकं नुसत्या भिंती उभ्या होत्या. २००३ मध्ये लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राने ते तालमी आणि संगीतशिक्षणासाठी पुन्हा उभं केलं. आमच्या गावासाठी कुठली ऑर्केस्ट्रा येणार? येणार ते असंच एखादं जोडपं. तुम्हाला काय वाटतं?

वसईची_लेक

माझा विरोध आहे, आणि तो केवळ भावनेचा नाही.

आमच्या वसईत आजही रविवारी मराठी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीला, उशिरा गेलं तर दाराबाहेर उभं राहावं लागतं, त्यामुळे रिकामं चर्च ही कल्पनाच मला जड जाते. पण ते बाजूला ठेवते. चर्च बांधलं कोणी? गावाने. कोणी पैसा दिला, कोणी जमीन, कोणी खिडकीची रंगीत काच मेलेल्या मुलाच्या आठवणीत बसवली. तीन-चार पिढ्यांचे बाप्तिस्मे, लग्नं, अंत्यविधी तिथे झाले. अशी वास्तू एका कुटुंबाच्या नावावर झाली की किल्ली त्यांच्या खिशात जाते. आज ते दार उघडतील. उद्या पाहुणे आहेत, परवा बाळ आजारी आहे, तेरवा कंटाळा आला. त्यांचा दोष नाही, घर म्हटलं की दार बंद करायचा हक्क आलाच.

दुसरं म्हणजे जागेची निवड. वेदीकडचा भाग राहायला आणि मधलं दालन गावाला? म्हणजे जिथे ख्रिस्तशरीर दिलं जायचं तिथे ओटा आणि सिंक. आमच्या कॅथलिक कायद्यात, १९८३ च्या संहितेत, बंद झालेलं चर्च लौकिक वापराला देता येतं, फक्त तो वापर हीन नसावा अशी अट आहे. स्वयंपाक हीन नाही हे मलाही कळतं. तरी त्या तीन पायऱ्या चढून वर गेल्यावर समोर फ्रिज दिसला तर ज्या बाईचं लग्न तिथे लागलं तिला काय वाटेल, याचा विचार अर्जात कुठे आहे?

घाटावरचा

ताई, वास्तू आणि वस्तूंचा धर्म बदलत आलाय की. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगीज चर्चच्या घंटा देशावर आल्या. एक मेणवलीच्या घाटावर टांगलेली आहे, नाशिकला नारोशंकराची घंटा तर म्हणीत जाऊन बसली. लोक श्रद्धेने वाजवतात. वापरात राहिल्या म्हणून टिकल्या.

वसईची_लेक

दादा, त्या घंटा मीही पाहिल्यात, त्यांच्यावर हात ठेवून उभी राहिलेय. पण त्या लुटीत गेल्या. ज्यांच्या होत्या त्यांना कोणी विचारलं नव्हतं. इथे विचारायची सोय आहे, आणि मी बोलतेय ती त्या विचारण्याबद्दलच. शिवाय त्या घंटा देवळात टांगल्या, कोणाच्या दिवाणखान्यात नाही. तुमचंच उदाहरण माझ्या बाजूने जातं.

लेस्टरकर

इथे लेस्टरला ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचं जैन मंदिर हे मुळात काँग्रिगेशनल पंथाचं चर्च. बाहेरून संगमरवर, आत कोरीव खांब. प्रार्थनेची जागा प्रार्थनेचीच राहिली. शहरात हे जमलं कारण इथे समाज मोठा आहे. नॉरफोकच्या खेड्यात कोण येणार? धागा सुरू करणाऱ्या नॉरफोकवासींच्या बाजूने मत.

चुना_आणि_दगड

जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत काम करतो, इंग्लंडमध्येच. दोन्ही बाजू श्रद्धा आणि मालकी यांवर बोलतायत, मला इमारतीची बाजू मांडू द्या, कारण ती सभेत हात वर करू शकत नाही.

चर्च म्हणजे एक प्रचंड उंच, थंड, अखंड पोकळी. बांधणाऱ्यांनी ती आठवड्यातून काही तास वापरण्यासाठी बांधली. बहुतेक ठिकाणी संडास नाही, कित्येक ठिकाणी नळसुद्धा नाही. तिथे कुटुंब राहायचं म्हणजे पहिलं काम मैलापाण्याची वाहिनी. ती कुठून जाणार? चारही बाजूंनी कबरी. ज्यांवर दगड उभा आहे त्या दिसतात, त्यांच्या कितीतरी पट विनाखुणेच्या असतात. चर खणताना पुरातत्त्वज्ञ शेजारी उभा हवा, हाडं निघाली की काम थांबतं. वापरातून गेलेल्या दफनभूमीवर बांधकामाला १८८४ च्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे 'मागे एक छोटी खोली वाढवू' हा विचार सोडून द्यायचा. नातेवाइकांना कबरीपर्यंत येऊ द्यावं लागतं, म्हणजे तुम्ही चहा पीत बसलात तरी खिडकीबाहेर फुलं घेऊन कोणीतरी येणार.

मग उष्णता. ती पोकळी तापवायची ठरवली तर बिल परवडत नाही आणि लाकडी छतावर बाष्प धरतं ते वेगळंच. चांगले आर्किटेक्ट आत स्वतंत्र खोका बांधतात: लाकडी सांगाड्यावरची घरटीवजा दोन मजली रचना, मूळ भिंतीला न टेकणारी, उद्या काढून नेता येईल अशी. मास्त्रिख्टला डॉमिनिकन पंथाच्या तेराव्या शतकातल्या चर्चमध्ये २००६ मध्ये पुस्तकाचं दुकान झालं, तिथे पोलादी कपाटांचे मजले असेच दगडापासून सुटे उभे केलेत. याउलट मी जे वारंवार पाहतो ते असं: दालनाच्या मध्यातून काँक्रीटची स्लॅब घातलेली, टोकदार कमानीची खिडकी मधोमध कापलेली, खालच्याला खिडकीचा खालचा अर्धा, वरच्याच्या पलंगाशेजारी कमानीचं टोक. आणि भिंतीच्या सांध्यांत सिमेंट. चुन्याची भिंत श्वास घेते, सिमेंट ओल आत कोंडतं. गोठण पडलं की दगडाचा पापुद्रा सुटून येतो. बोटाने ओढला तरी हातात येतो, मी काढून दाखवू शकतो.

म्हणून मला घर की कलादालन हा वाद दुय्यम वाटतो. आराखड्यात मधली पोकळी तोडलीय का, एवढं सांगा. अर्जदार दालन अखंड ठेवतायत, त्यामुळे सध्या तरी मी त्यांच्याकडे झुकतो. कलेसाठी त्या जागेचा खरा उपयोगच तिच्या उंचीत आहे. माणसाच्या आवाजाला तिथे जो लांब घुमारा मिळतो तो गावच्या सभागृहात मिळत नाही.

हिशेबनीस

विरोधात. वसईची_लेक यांचा मुद्दा कायद्याच्या भाषेत मांडतो.

धागाकर्ते म्हणतील की गावाचा हक्क करारात लिहून घेऊ. इंग्लंडात १९९० च्या नगररचना कायद्याच्या कलम १०६ खाली तसा करार होतो, आणि तो जमिनीबरोबर पुढच्या मालकालाही लागू होतो. ऐकायला भक्कम. पण पाच वर्षांनंतर मालक तो बदलण्यासाठी किंवा रद्द करण्यासाठी अर्ज करू शकतो. कारण सोपं सांगता येतं: वर्गांना कोणी येत नाही, विमा परवडत नाही. खेड्यात ते खरंही असेल. मग कलादालन संपलं आणि उरला एक आलिशान बंगला. हे जोडपं प्रामाणिक असेल, मी त्यांच्यावर शंका घेत नाही. तिसऱ्या खरेदीदाराची हमी कोण देणार?

यातून सुटायची वाट धागाकर्त्यांच्या घराजवळच आहे. नॉर्विच शहरात ३१ मध्ययुगीन चर्चं आहेत. वापरात नसलेल्यांसाठी १९७३ मध्ये न्यास स्थापन झाला. मालकी नगरपालिकेची, न्यास ती चर्चं पुढे भाड्याने देतो. सेंट स्विदिन्समध्ये आर्ट्स सेंटर आहे, सेंट जेम्समध्ये १९८० पासून कळसूत्री बाहुल्यांचं नाट्यगृह. भाडेकरू गेला तर दुसरा येतो. विकू नका, भाड्याने द्या. यॉर्कचं सेंट मार्गारेट्ससुद्धा २००० पासून प्राचीन संगीताचं केंद्र आहे, कोणाच्या कुटुंबाचं घर न करता.

आणि पैशांचं गणित: पडीक चर्चचं घर करताना कामावर व्हॅट ५ टक्के लागतो, पण तो फक्त राहत्या भागाला. कलादालनाच्या कामाला पूर्ण २०. संरक्षित इमारतींतल्या मंजूर बदलांना पूर्वी सूट होती, ती २०१२ मध्ये गेली. म्हणजे करच तुम्हाला सांगतो की घराचा भाग वाढवा, दालनाचा कमी करा. या ओढीपुढे चांगला हेतू किती दिवस टिकेल?

नॉरफोकवासी

हिशेबनीस, कराचा मुद्दा नेमका आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. बाकीचं मान्य नाही.

नॉर्विचच्या नाट्यगृहात मी मुलांना घेऊन जातो, ते खरोखर सुंदर चाललंय. पण ते शहर आहे. रिकाम्या चर्चला तिथे भाडेकरू मिळतो कारण चालत येणारी हजारो माणसं आहेत. आमच्या गावाला दिवसाला बस किती येतात ते मोजायला एका हाताची बोटं पुरतात. न्यास भाडेकरू शोधत बसेल आणि पन्हळ तुंबलेलीच राहील. शिवाय अल्प मुदतीच्या भाड्यावर कोणती बँक कर्ज देणार, आणि स्वतःची बचत ओतून दुसऱ्याच्या छपराला कौलं कोण घालणार? दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा असेल तर मात्र मी तयार आहे. मालकी न्यासाकडे, दालन वर्षातले ठरावीक दिवस खुलं नाही ठेवलं तर पट्टा रद्द. असं कलम घालायला लावू.

वसईची_लेक, वेदीच्या जागेबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी त्या दोघांना वाचून दाखवलं, अर्थात इंग्रजीत सांगून. तो सुतार बराच वेळ गप्प बसला. घर पश्चिमेला मनोऱ्याखाली आणि वस्त्रखोलीत मावेल का, हे तो आता मोजून बघतोय. पूर्वेची पायऱ्यांची जागा गाण्यासाठी मोकळी राहील.

वसईची_लेक

हे ऐकून बरं वाटलं. तरी माझं मत तेच आहे. खरेदी झाली की ती जागा कोणासाठी मोकळी ठेवायची हे तेच ठरवणार. भाडेपट्टा असेल तर मी विरोध मागे घेईन, विक्री असेल तर नाही. आणि गावात राहिलेल्या त्या आठ-दहा म्हाताऱ्यांना वर्षातून एकदा, ख्रिसमसला म्हणा, तिथे जमून प्रार्थना करता यावी हेही पट्ट्यात लिहा. कलादालनात कॅरोल गायला कोणाची हरकत असणार?

घाटावरचा

+१. ताईंचं हे शेवटचं कलम सगळ्यात महत्त्वाचं.

हिशेबनीस

दीर्घ पट्टा असेल तर माझाही विरोध निम्मा उरतो. उरलेला निम्मा असा की घर आणि सार्वजनिक जागा एका छपराखाली असली की आग, आवाज, गाड्या लावणं यांवरून कुटुंब आणि गाव दोन वर्षांत भांडतं. अमेरिकेत सॅग हार्बरला एक जुनं मेथडिस्ट चर्च आधी घर करायला म्हणून आतून मोकळं केलं होतं. पुढे एरिक फिशल आणि एप्रिल गॉर्निक या चित्रकार जोडप्याने ते घेतलं आणि २०२१ मध्ये निखळ कलाकेंद्र म्हणून उघडलं. चर्चमध्ये राहायला गेले नाहीत. तुमच्या जोडप्यालाही गावात छोटं घर आणि चर्चमध्ये फक्त कामाची जागा, हे सुचवून बघा.

नॉरफोकवासी

तसं केलं तर माझं मूळ कारणच जातं. रात्री तिथे कोणी नसेल. फिशल-गॉर्निक यांच्याकडे पैसा आणि मागे नामवंत कलावंतांचं गाव होतं. आमचे दोघे आजच्या घराचं भाडं जेमतेम देतात, दोन जागा सांभाळणं त्यांना झेपणारं नाही. भांडणाची शक्यता मला मान्य आहे. मधल्या भिंतीत आग रोखणारं बांधकाम आणि रात्री दहानंतर आवाज बंद, हे दोन्ही अर्जात आहे.

चुना_आणि_दगड

भांडत राहा, पण तोवर एक काम हातावेगळं करा. वटवाघळं आहेत का ते तपासून घ्या. इथे सगळ्या जातींना कायद्याचं संरक्षण आहे, परवान्याशिवाय त्यांची वस्ती हलवली तर गुन्हा. संध्याकाळी ती बाहेर पडताना मोजायची पाहणी मे ते सप्टेंबर एवढ्याच काळात होते. ती चुकली तर अख्खं वर्ष गेलं, आणि त्या वर्षभरात छप्पर उघडंच. दुसरं, मैलापाण्याच्या वाहिनीचा मार्ग नकाशावर दाखवल्याशिवाय कोणीही पाठिंब्याचं पत्र देऊ नका. घर पश्चिमेला सरकणार असेल तर तो मार्ग बदलणार, आणि मनोऱ्याच्या पायाजवळ खणायचं तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर लागेल. त्याला पुढच्या बैठकीलाच बोलवा.