मदत हवी आहे: गरम पाण्याच्या पाइपलाइनचा आधार एकाच जागी पुन्हा तुटतो

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल कारखान्याच्या डाइंग (रंगाई) विभागात मी देखभालीचे काम पाहतो. बॉयलर हाउसपासून डाइंगपर्यंत १०० मिलिमीटर व्यासाची, सरळ ३६ मीटर लांबीची लोखंडी पाइपलाइन भिंतीवरील अँगलच्या ब्रॅकेटवर यू-बोल्टने आवळलेली असून तिच्यातील पाणी साधारण ८० अंशांचे असते. पंपापासूनच्या तिसऱ्या ब्रॅकेटचे वेल्डिंग दुसऱ्यांदा तुटले. पहिल्या वेळी वेल्डिंग करून जाड अँगल लावला. तरीही तडा वेल्डच्या कडेलाच गेला. तुटलेल्या भागाचा अर्धा पृष्ठभाग जुन्या गंजाने तांबूस आणि उरलेला ताजा, चकचकीत आहे, म्हणजे तडा हळूहळू वाढला असावा.

दोन शंका आहेत. पाणी ३० वरून ८० अंशांवर जाताना या लांबीत पाइप सुमारे २२ मिलिमीटर वाढतो आणि लाइनला कोठेही लूप (ही वाढ सामावून घेणारे वळण) नाही. दुसरे असे की, पंप बंद होताच नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलट येऊ न देणारी झडप) जोराने आदळतो आणि पाइप हादरतो. पंपाचे अलाइनमेंट (पंप व मोटर एका रेषेत असणे) तपासले आहे; ते ठीक आहे.

स्ट्रेन गेज (धातू किती ताणला जातो ते मोजणारे साधन) उपलब्ध नाही आणि लाइन फक्त साप्ताहिक सुट्टीला बंद ठेवता येते. खाली कामगारांची ये-जा असल्याने तिसऱ्यांदा केवळ वेल्डिंग करून सोडणे मला मान्य नाही. डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजणारे) आणि प्रेशर गेज (दाब मोजणारे) एवढ्याच साधनांनी, दोष प्रसरणाचा आहे की पाण्याच्या धक्क्याचा, हे खात्रीने कसे ठरवावे आणि मोजमाप नेमके कोठे घ्यावे?