मदत हवी आहे: घाटात पिकअप जातो, टर्बो बदलण्यापूर्वी काय काय तपासावे?

माझ्याकडे २०१२ सालची, १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिनाची हॅचबॅक असून तिचे १,४२,००० किलोमीटर झाले आहेत. मूळ फियाटचे हे इंजिन मारुतीने डीडीआयएस आणि टाटांनी क्वाड्राजेट या नावाने वापरले असल्याने येथे अनेकांना ते परिचित असेल. माझे इंजिन १,२४८ सीसीचे, साध्या फिक्स्ड जिओमेट्री (पाती न हलणाऱ्या) टर्बोचे, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचे आहे. ४,००० आरपीएमला ७५ पीएस आणि २,००० आरपीएमला १९० न्यूटन मीटर टॉर्क. दोन हजारांच्या खाली ते मुळातच सुस्त असते, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार वेगळीच आहे. गेल्या दोन महिन्यांत तीन वेळा, पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढत असताना, कोणीतरी मागून धरून ठेवावे तसा गाडीचा जोर अचानक गेला, मागे काळा धूर दिसला आणि इंजिनाचा पिवळा दिवा लागला. गाडी बाजूला घेऊन बंद करून पुन्हा सुरू केली, की थोडा वेळ सारे सुरळीत चालते. शहरात हा प्रकार एकदाही झालेला नाही. स्कॅनरवर पी०२९९, म्हणजे टर्बोचा दाब कमी पडत असल्याचा कोड आला.

सर्व्हिस सेंटरने कोड पाहताच, बॉनेटही न उघडता, टर्बो बदलण्याचा सल्ला दिला. मला तो घाईचा वाटतो. निळा धूर नाही आणि दोन सर्व्हिसिंगच्या मधल्या काळात ऑइल वरून घालावे लागत नाही, म्हणजे टर्बोचे सील शाबूत असावेत. उलट इंटरकूलरकडून (टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीकडून) येणाऱ्या रबरी होजच्या क्लॅम्पखाली बोटाला तेलकट काजळी लागते आणि जोर लावताना पूर्वी नसलेला ‘फुस्स’ असा आवाज येतो. तापलेल्या रबराची चीर दाबाखाली उघडत असेल, तर आयडलिंगला ती दिसणार नाही. हवा वाटेतच निसटल्यावर डिझेल अर्धवट जळून काळा धूर येणे साहजिकच आहे.

या इंजिनाच्या नेहमीच्या दुखण्यांपैकी टायमिंग चेनची खडखड माझ्याकडे थंड इंजिनातही ऐकू येत नाही. ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) मात्र एकदाही साफ केलेला नाही आणि रोजचा प्रवास जेमतेम सहा किलोमीटरचा, त्यामुळे तेथे काजळी साचली असण्याची शक्यता मी नाकारत नाही. तो व्हॉल्व्ह अर्धवट उघडा अडकला, तर लक्षणे बरीचशी अशीच दिसतील ना?

जाणकारांना विनंती आहे, की होज, ईजीआर, दाब मोजणारा सेन्सर आणि टर्बोचा वेस्टगेट (दाब मर्यादेत ठेवणारी झडप) कोणत्या क्रमाने तपासावेत, हे सांगावे. इनटेकमध्ये धूर सोडून गळती शोधणारे गॅरेज पुण्यात कोणाच्या माहितीत आहे का? टर्बो हाताने फिरवून पाहताना शाफ्ट आडवा किंचित हलला तर चालते, परंतु मागे-पुढे मुळीच हलू नये, असे एका मेकॅनिकने सांगितले. ते बरोबर आहे का? बीएस६ हे प्रदूषणाचे नियम आल्यापासून भारतात हे इंजिन नव्या गाड्यांत मिळत नाही, त्यामुळे शेवटी टर्बोच बदलावा लागला, तर नवा घ्यावा की जुना रिकंडिशन करून घ्यावा, याबाबतचा अनुभवही लिहावा.