मदत हवी आहे: सोसायटीचं आय रजिस्टर (सभासदांची नोंदवही) अपुरं, नव्या कमिटीनं काय करावं?

नमस्कार. कोथरूडमधली ४८ फ्लॅटची सोसायटी, कमिटी नुकतीच बदलली. बँकेतल्या सह्यांचं काम सरळ आहे: ठराव, निवडणुकीचा निकाल, सह्या करणाऱ्या तिघांचं केवायसी. अडलंय ते आय रजिस्टरपाशी. रीसेल झालेल्या फ्लॅटवर जुन्याच मालकांची नावं आहेत. शेअर सर्टिफिकेटच्या मागे ट्रान्सफरची नोंद, सही-शिक्का सगळं आहे, पण मिनिट बुकात ठरावच नाही. सभासदांची नोंद चुकली की मतदारयादी चुकते, मग पुढची निवडणूकच वादात सापडते.

इंडेक्स टू (फ्लॅटच्या खरेदी-नोंदणीचा सरकारी उतारा), सर्टिफिकेटच्या झेरॉक्स आणि नॉमिनेशन फॉर्म गोळा करून रजिस्टर नव्यानं लिहायचा विचार आहे. जुन्या ट्रान्सफरना कमिटीचा ठराव पुरतो, की विषय जनरल बॉडीत न्यावा? कुणी हे केलं असेल तर ठरावाचा मसुदा कृपया टाका. सप्टेंबरअखेरच्या वार्षिक सभेआधी हे मार्गी लागायलाच हवं.